शब्दाचा दर सोड, आधी तासाचा हिशोब घाल

तासगावची एक मुलगी विचारते: "ताई, माझं मराठीत एम.ए. झालंय. लेखनाची तीन कामं आली आहेत. पुण्याची एक एजन्सी वेबसाइटसाठी मराठी लेख मागते, शब्दाला २५ पैसे, काम रोज हवं तेवढं. बंगळुरूची एक भाषांतर कंपनी इंग्रजीतून मराठी करायला शब्दाला ८० पैसे म्हणते, पैसे ६० दिवसांनी, आणि आधी दीड हजार शब्दांची चाचणी फुकट करून द्यायची. सांगलीतले एक बेदाणा व्यापारी फेसबुकच्या पोस्ट आणि महिन्याला एक लेख असं मिळून सहा हजार देतो म्हणतात. घरचे म्हणतात, घरबसल्या मिळतंय ते घे. यातलं रास्त पैशाचं काम कुठलं, हे ओळखायचं कसं?"

प्रश्न चांगला आहे आणि तू तो काम हातात घेण्याआधी विचारलास, हे फार बरं झालं. मी सांगलीत राहून बरीच वर्षं भाषांतर आणि लेखन करते, नव्या मुलामुलींना या धंद्यात बसवते, त्या अनुभवावरून सांगते.

पहिलं म्हणजे ते तिन्ही आकडे थोडा वेळ बाजूला ठेव. शब्दाचा दर ही काम देणाऱ्याची सोय असते. त्याला बिल तपासायला सोपं जातं. तुझा मात्र वेळ खर्च होतो. म्हणून कुठलंही काम आलं की तुझ्या हातात तासाला किती पडतात, हेच बघायचं. आणि ते कमी की जास्त हे कळायला तुझा स्वतःचा एक आकडा आधी ठरलेला हवा. तो नसेल तर समोरचा म्हणेल तो दर एकतर मोठा वाटतो नाहीतर लहान, आणि दोन्ही वेळा आपण अंदाजानेच हो म्हणतो.

तो आकडा असा काढ. समज, तुला महिन्याला हातात २५,००० हवेत. लॅपटॉप ४०,००० चा धरला आणि चार वर्षं चालला, तर महिन्याला साधारण ८३० रुपये त्याचेच झाले. इंटरनेट, फोन, वीज, इन्व्हर्टर, कधीतरी दुरुस्ती असं धरून खर्च ३,००० पर्यंत जातो. शिवाय नोकरीत असतात तशा पगारी रजा तुला नाहीत, पीएफ नाही, आजारी पडलीस तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. त्यासाठी महिन्याला ४,००० बाजूला पडले पाहिजेत. झाले ३२,०००.

आता तास. महिन्याला २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. पण या २०० तासांचे पैसे तुला कोणी देत नाही. काम शोधणं, मेल, फोन, बिलं करणं, थकलेल्या पैशांचा पाठपुरावा, दोन कामांमधले रिकामे दिवस, यात सुरुवातीला निम्मा वेळ जातो. पैसे मिळवून देणारे तास उरले १००. म्हणजे ३२,००० भागिले १००, तासाला ३२० रुपये. हा तुझा तळाचा दर. यात चैन कुठेच नाही, हे नीट बघ. तुझी गरज वेगळी असेल, घरचं भाडं नसेल किंवा धाकट्या भावाची फी तुझ्यावर असेल, तर आकडे बदल. रीत तीच ठेव.

आता पुण्याचं काम बघू. हजार शब्दांचा लेख, २५० रुपये. लेखाला विषय वाचायला तासभर, लिहायला दोन तास, त्यांनी दिलेले कीवर्ड (लोक गुगलवर शोधतात ते शब्द) बसवणं, उपशीर्षकं, फोटो, आणि "जरा बदलून द्या" म्हणून परत आलेला मजकूर यात आणखी एक तास. चार तास धर. तासाला साडेबासष्ट रुपये पडले. या दरात तुझ्या ३२० पर्यंत पोचायचं तर तासाला जवळजवळ १,३०० शब्द लिहावे लागतील, वाचन आणि दुरुस्तीसकट. माणूस तसं लिहू शकत नाही. जे लिहितात ते इकडून तिकडून उचलतात किंवा यंत्राकडून काढून घेतात, मग एजन्सीच मजकूर तपासून "कॉपी आहे" म्हणत पैसे कापते. तुमच्या शिवारात द्राक्षाच्या विरळणीला येणाऱ्या बायकांची आजची हजेरी किती आहे, घरी विचार. आठ तास बसून यातले दोन लेख लिहिलेस तर दिवसाचे ५०० होतात, आणि लॅपटॉप, वीज, नेट तुझं. हे दोन आकडे वडिलांसमोर शेजारी शेजारी मांड, "मिळतंय ते घे" हा सल्ला तेच मागे घेतील. शेतीचा हिशोब त्यांना कुणी शिकवायला नको.

"रोज हवं तेवढं काम" हे वाक्य ऐकायला गोड वाटतं म्हणून त्याबद्दल वेगळं सांगते. दर तळाच्या खाली असेल तर काम जितकं जास्त तितकी तू अडकत जातेस. दिवस त्यातच संपतो, बरं काम शोधायला वेळच उरत नाही, आणि वर्षाने हातात दाखवण्यासारखा एकही नीट लेख नसतो. अनुभव मिळेल म्हणून कमी पैशात काम करायला माझी हरकत नाही. पण तो अनुभव म्हणजे तुझ्या नावाने छापलेला मजकूर, किंवा तुझं लिखाण ओळीओळीने तपासून देणारा संपादक. या कामात दोन्ही नाहीत.

बंगळुरूचं काम जास्त विचार करण्यासारखं आहे. तिथे पहिला प्रश्न विचार: शब्द कुठले मोजणार, मूळ इंग्रजीचे की तू केलेल्या मराठीचे? इंग्रजीत सुटे असणारे लहान लहान शब्द मराठीत विभक्तीत आणि शब्दयोगी अव्ययांत जोडले जातात, त्यामुळे हजार इंग्रजी शब्दांचं मराठी माझ्याकडे आठशेच्या आसपास उतरतं. म्हणजे तेच काम, तीच मेहनत, मूळ शब्दांवर ८०० रुपये आणि मराठी शब्दांवर ६४०. दर ८० पैसेच लिहिलेला असतो. हे आधी मेलवर लेखी घे.

दुसरा प्रश्न: मजकूर कोरा येणार की मशीनने भाषांतर केलेला? हल्ली बऱ्याच कंपन्या यंत्राचं मराठी पाठवतात आणि "फक्त तपासायचंय" म्हणून निम्मा किंवा त्याहून कमी दर लावतात. साध्या मजकुरात यंत्र बरं काम करतं आणि तपासणी पटकन होते, हे खरं. पण यंत्राचं मराठी वरवर सरळ दिसतं आणि आत कर्ता-कर्म उलटलेलं असतं, तेव्हा प्रत्येक वाक्य मूळाशी ताडून बघावं लागतं. अशा कामाला दर कबूल करण्याआधी त्यांच्याकडूनच शे-दोनशे शब्दांचा तुकडा घे, घड्याळ लावून कर, आणि मग बोल. वारंवार येणाऱ्या वाक्यांना सॉफ्टवेअर ओळखतं, त्यांचे पैसे कमी देतात. ते प्रमाण किती धरणार, हेही विचार.

समज, मजकूर कोरा आहे आणि मोजणी इंग्रजी शब्दांवर आहे. नीट वाचून, शब्द शोधून, परत तपासून तासाला २५० शब्द झाले, तर ८० पैशांनी तासाला २०० रुपये पडतात. तुझ्या ३२० पेक्षा कमी. तरी मी लगेच नको म्हणणार नाही, कारण तळाचा दर १०० तासांवर काढला होता. या कंपनीने महिन्याला नेमाने काम दिलं, तर शोधाशोध आणि रिकामे दिवस कमी होतात. पैशाचे तास १०० वरून १६० झाले तर ३२,००० भागिले १६०, बरोबर २०० येतात. म्हणजे महिन्याला ४०,००० शब्द ते लेखी कबूल करत असतील तर ८० पैसे तुला परवडतात. "काम येईल तसं देऊ" म्हणत असतील तर १ रुपया ३० पैशांच्या खाली परवडत नाही. कमी दर आणि खात्रीचं काम हे एकत्र चालतं. कमी दर आणि बेभरवशाचं काम घेऊ नकोस.

आणि सगळा मजकूर एका दराने घेऊ नकोस, हे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण यातच तुझी ताकद आहे. समज, द्राक्षावरच्या बुरशीनाशकाचं माहितीपत्रक आलं. ४०० शब्द. ८० पैशांनी ३२० रुपये. वरवर बघता दीड तासाचं काम. आता आत शिर. मात्रा हेक्टरी दिलेली असते आणि आपला शेतकरी एकरावर चालतो. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. कुठे पाणी हेक्टरी धरलंय, कुठे औषध लिटरमागे ग्रॅममध्ये आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर कितव्या दिवशी, डावणी की भुरी यातल्या कुठल्या रोगासाठी, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी बंद. यातला एक आकडा चुकला तर कुणाची तरी बाग जाते, किंवा माल निर्यातीला नापास होतो. म्हणून तू प्रत्येक आकडा मूळाशी दोनदा ताडणार, लेबलाचा फोटो मागवणार, शंका आली तर चुलत्याला फोन लावणार. तीन तास जातात आणि जायलाच हवेत. असं काम शब्दांवर घ्यायचं नाही, पत्रकामागे ठोक रक्कम सांगायची. तीन तासांचे तुझ्या तळाच्या दराने ९६० होतात, वर जोखमीचे धरून १,२०० ते १,५०० माग. बंगळुरूच्या ऑफिसात बसलेल्याला डावणी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तुला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस भागातल्या बागायतदाराला कळेल असं अचूक लिहू शकणारी माणसं थोडी आहेत, आणि त्या ज्ञानाचे पैसे मागणं पूर्ण रास्त आहे.

चाचणीचं म्हणशील तर दोन-अडीचशे शब्द फुकट करून द्यायला हरकत नाही, चांगल्या कंपन्याही तेवढं मागतात. दीड हजार शब्द म्हणजे सहा तासांचं काम. ते फुकट नाही. अशा दहा जणांकडून दहा तुकडे करून घेतले की पुस्तिका तयार होते, एक रुपया न देता. सगळ्या कंपन्या तसं करतात असं मी म्हणत नाही, पण तुझ्याकडे ते ओळखायचा मार्ग नाही. म्हणून सरळ नम्रपणे लिही. मी असं काहीसं लिहीन:

"नमस्कार. आपला मेल मिळाला. मूळ इंग्रजी मजकुराच्या शब्दसंख्येवर, एक फेरतपासणी धरून, माझा दर शब्दाला १ रुपया ३० पैसे आहे. महिन्याला ४० हजार शब्दांचं काम लेखी कबूल असल्यास ८० पैशांत करेन. तांत्रिक आणि शेतीविषयक पत्रकांचा दर मजकूर पाहून ठोक सांगेन. चाचणीसाठी २५० शब्द करून देते, त्यापुढील मजकूर याच दराने. बिल दिल्यापासून ३० दिवसांत पैसे मिळावेत."

यात कुठे आर्जव नाही आणि उद्धटपणाही नाही. उत्तर आलं नाही तर नाही आलं.

६० दिवसांबद्दल. द्राक्षाच्या पेटीला चार रुपये जास्त देतो म्हणणारा व्यापारी माल भरून नेतो आणि नंतर त्याचा फोन लागत नाही, हे तुमच्या भागात कुणाला सांगायला नको. लेखनातही दर आणि वसुली एकत्रच बघावी लागते. पाचांपैकी एक बिल बुडत असेल तर तुझा रुपयाचा दर प्रत्यक्षात ८० पैसे आहे. इथे कायदा तुझ्या बाजूने आहे आणि लेखन करणाऱ्या फार थोड्या जणांना तो माहीत असतो. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. सेवा देणारी एकटी व्यक्तीही यात बसते, फक्त उद्यम नोंदणी हवी. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन वापरून होते, पूर्ण मोफत. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस. काम सुरू करण्याआधी नोंदणी करून घे आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छाप. पैसे थकले तर अशा उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला करपात्र उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करता येत नाही, हे त्यांच्या अकाउंटंटला पक्कं ठाऊक असतं, आणि बिलावरचा क्रमांक तोच आधी वाचतो.

बिलातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर, कापला तर फसवलं असं समजू नकोस. एका कंपनीकडून वर्षाला ५०,००० च्या वर व्यावसायिक फी झाली की तो कापावाच लागतो. तो तुझ्या पॅनवर जमा झालेला दिसतोय का, हे प्राप्तिकराच्या पोर्टलवर बघ. तुझ्यावर कर बसत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. पॅन दिला नाहीस तर मात्र २० टक्के कापतात.

सांगलीचे व्यापारी. महिन्याला बारा पोस्ट धरल्या, एकीला पाऊण तास, तर नऊ तास. लेखाचे चार. फोन, फोटो मागवणं, मंजुरी घेणं यांचे चार. सतरा तासांचे सहा हजार, म्हणजे तासाला ३५० च्या थोडे वर. तिन्हींत हेच काम सध्या तुझ्या तळाच्या वर आहे. धोका एकच, ठोक रकमेच्या कामाला कुंपण नसतं. दिवाळीला शुभेच्छापत्र, मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर, रात्री अकराला "उद्या सकाळी स्टेटसला टाकायचंय" असा फोन, कधी बेदाण्याच्या पाकिटावरची माहिती. प्रत्येक गोष्ट किरकोळ असते. सतराचे तीस तास झाले की दर २०० वर येतो आणि तुला कळतही नाही. म्हणून मार्केट यार्डात त्यांच्या पेढीवर जाऊन समोरासमोर बोल आणि निघताना व्हॉट्सॲपवर लिहून पाठव: बारा पोस्ट, आठशे ते हजार शब्दांचा एक लेख, प्रत्येकाला एक दुरुस्ती, त्यापलीकडचं काम तासाला ४०० ने वेगळं, पैसे दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, पहिल्या महिन्याचे निम्मे आगाऊ. आपल्याकडचे व्यापारी शब्दाला धरून असतात, पण शब्द आधी ठरलेला हवा. ओळखीचा माणूस आहे, लिहून कसं मागायचं, असं मनात आणू नकोस. तेही पट्टीवर वजन आणि भाव लिहूनच सौदा करतात.

हक्कांचं थोडक्यात सांगते, कारण दर रास्त की नाही हे त्या पैशात तू काय काय देऊन टाकतेस यावरही ठरतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरून काम करणाऱ्या लेखकाच्या लेखनाचे हक्क मुळात लेखकाचे असतात, आणि ते दुसऱ्याकडे जायला सहीचा लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. फेसबुकच्या पोस्टसाठी याचा घोळ घालू नकोस, त्या व्यापाऱ्याच्याच. पण कुणी कथा, मालिका, ऑडिओचे भाग लिहायला बोलावलं आणि करारात "सर्व माध्यमांतले सर्व हक्क, कायमचे, जगभर" असं असेल, तर भागामागे मिळणारे पैसे हे फक्त लिहिण्याच्या मेहनतीचे नाहीत, पुढच्या बऱ्याचशा कमाईवर पाणी सोडण्याचेही आहेत. ती रक्कम तेवढी मोठी आहे का बघ. तुझं नाव न घालता दुसऱ्याच्या नावाने छापणार असतील तर दर दीडपट तरी माग, कारण ते काम तुला पुढे कुणाला दाखवता येत नाही.

एका गोष्टीत मात्र हिशोब घालत बसायचंच नाही. कामाआधी नोंदणी फी, डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे मागितले, किंवा "टायपिंगमध्ये चुका झाल्या, करार मोडला, दंड भरा नाहीतर कोर्टात खेचू" अशी वकिलाच्या नावाची नोटीस आली, तर तो सरळ फसवणुकीचा धंदा आहे. पैसे देऊ नकोस, घाबरून गप्प बसू नकोस, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळव. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेव.

घरून आणखी एक बोलणं येईल, आमच्याकडेही यायचं: लिहिणं ही सरस्वतीची सेवा, त्याचे पैसे काय मागायचे. त्यांना सांग, १८४३ मध्ये याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते इथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयावर, आणि तो आश्रय संपल्यावर त्यांच्या मंडळींनी गावोगाव जाऊन पैसे लावूनच खेळ केले. दिवाळी अंकाला कविता द्यायची असेल तर मानधन थोडं असलं तरी आनंदाने दे, तिथे तुझं नाव छापून येतं आणि लेखन तुझं राहतं. दुसऱ्याचा माल विकण्यासाठी लिहितेस तेव्हा ते काम आहे.

आता करायचं काय. या आठवड्यात आधी उद्यम नोंदणी कर. मग यार्डात जाऊन बेदाण्याचं काम वर सांगितलेल्या अटींवर ठरव आणि पहिल्या महिन्यात वहीत प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवटची वेळ लिही. माझे पाऊण तास आणि चार तास हे अंदाज आहेत, तुझे खरे आकडे वहीतून येतील आणि तळाचा दर त्यावरून परत काढावा लागेल. बंगळुरूला तो मेल पाठव. पुण्याला दोन ओळींत नकार कळव, कारण सांगायची गरज नाही, पण "मूळ मराठी लेखाला शब्दाला १ रुपया ३० पैशांपासून पुढे असेल तर जरूर कळवा" हे वाक्य ठेव. मेल पाठवण्याआधी मजकूर मला दाखवलास तरी चालेल.